आता तू मोकळी

त्या दिवशी सकाळी आईने तोंडात टाचण्या धरूनच मला सांगितलं की भाजीत मीठ जरा जास्त पडलंय, दुपारी पाणी जास्त पी. तोंडात टाचण्या असताना स्पष्ट बोलणं तिलाच जमायचं. आम्ही तिन्ही भावंडं लहानपणी काड्या धरून तसं बोलून बघायचो आणि लाळ गाळायचो.

ती नेहमीप्रमाणे खिडकीत बसली होती. आमच्या घराची ती खिडकी स्टेशनकडे जाणाऱ्या गल्लीत उघडते. सकाळी गाडीला निघालेली माणसं जाता जाता पिशवी आत सरकवायची. कुणाच्या पँटची उंची कमी करायची असे, कुणाच्या झग्याची चेन बदलायची, कुणाच्या गणवेशाची काखेत उसवलेली शिवण. संध्याकाळी परतताना कपडा घडी घालून तयार असायचा. आमची वस्ती सकाळी स्टेशनकडे कलते आणि संध्याकाळी घरांकडे. मधल्या वेळात ती रिकामी असते. बैठी घरं, पुढे हातभर गवत, मागे एखादं लिंबाचं नाहीतर पेरूचं झाड आणि पहाटेपासूनच दमट, ऊनऊन हवा. शेवटची ऑफिसची गाडी गेली की कुणाच्या तरी घरात विसरून चालू राहिलेला पंखासुद्धा ऐकू येतो. आईला ती शांतता फार आवडायची. मग तिचं मशीन गल्लीभर ऐकू जायचं आणि तक्रार करायला कुणी नसायचं.

"रोजचा एवढा प्रवास," ती म्हणाली. "पायांचे तुकडे पडत असतील."

"बसून जाते गं मी."

"मग कंबरेचे पडत असतील." तिने एक टाचणी काढून कापडात खोचली. "आमच्यापायी अडकलीस तू, बयो. छोटी बघ कशी वेळेवर सुटली."

"आई, गाडी."

"जा, जा. माझं ऐकून घ्यायला तुला वेळ कधी असतो!"

हे बोलणं आमच्यात इतक्या वेळा झालं होतं की आम्ही दोघी त्यात झोपेतही चुकलो नसतो. संध्याकाळी परतले तेव्हा ती एका हट्टी चेनवर चिडली होती. बाबा तिला समजावत होते की चेनला शिव्या घालून ती सरळ होत नाही, आणि ती म्हणत होती की तुम्ही झालात ना. आम्ही जेवलो. मी पुस्तक घेऊन पायरीवर बसले. ती माझ्यामागे दारात उभी राहून वारा घेत होती. काहीच घडलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ती जरा आडवी झाली. बाबांनी तिची झोपमोड नको म्हणून रेडिओ बारीक केला आणि दुपारभर तसाच बारीक ठेवला.

*

ती गेल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी सगळे जमलो. दोन कामं होती. खिडकीतल्या दांडीवर लटकलेले लोकांचे कपडे ज्याचे त्याला परत द्यायचे आणि घराचं काय ते ठरवायचं. पलीकडच्या गल्लीतले चष्मेवाले चहाला येणार होते. त्यांच्या मुलीला स्टेशनजवळ घर हवं होतं. आम्ही हो म्हटलं, तर बाबा दादाकडे जाणार होते आणि मी शहरात, छोटीच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये. माझी पाणी तपासायची प्रयोगशाळा तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सगळ्यांनी सगळं आपापसात फोनवर ठरवून टाकलं होतं. मला फक्त मान हलवायची होती आणि ती मी हलवलीही होती.

त्या दिवशी जिथे मी नव्हते, तिथलं मला ज्याने त्याने नंतर सांगितलं. आमच्या घरात कुणाच्याच पोटात काही राहत नाही, माझ्याखेरीज.

खिडकीत वहिनी बसली होती. ती दातांची डॉक्टर. स्वच्छ हात धुऊन, बाह्या सरसावून ती आईच्या खुर्चीत बसली आणि एकेक माणूस गल्लीतून येऊ लागलं. काही कपडे झालेले होते, काही अर्धे. शाळेतल्या गाण्याच्या मास्तरांना तिने काळी पँट दिली. थोड्या वेळाने मास्तर परत आले.

"डॉक्टर, ही माझ्या पोटऱ्यांपर्यंतच येते. एक तर मी वाढलोय, नाहीतर ही दुसऱ्या कुणाची."

"अहो, दांडीवर काळ्या पँटी आहेत चार! सासूबाईंना कशा ओळखू यायच्या देव जाणे."

"त्यांना माझी ढब माहीत होती."

"मला तुमचा जबडा दाखवला असता तर मीही ओळखलं असतं," वहिनी म्हणाली. मास्तर हसले, आणि मग हसल्याबद्दल ओशाळले. दुसरी पँट त्यांनी खिडकीबाहेर उभ्या उभ्या कमरेला लावून पाहिली. ती त्यांचीच होती. एका पायाची दुमड शिवलेली, दुसऱ्याला नुसताच कच्चा दोरा.

"ही अशीच नेतो," ते म्हणाले. "हा दोरा राहू द्या."

जो येई तो दोन शब्द आईबद्दल बोलत होता, आणि निघताना आत डोकावून माझ्याबद्दल विचारत होता. ज्याला त्याला एकच म्हणायचं होतं. बिचारीने फार केलं. आता तरी मोकळी होईल. वहिनी प्रत्येकाला हो हो म्हणत होती. मग नर्सबाई आल्या. त्या माझ्याच गाडीने शहरातल्या इस्पितळात जातात.

"मोकळी होईल आता बिचारी," वहिनी सवयीने म्हणाली. या खेपेला तीच आधी म्हणाली.

"कोण बिचारी?" नर्सबाईंनी विचारलं.

"आमची बयो. इतकी वर्षं तो प्रवास."

"ती? अहो, ती माझ्या समोरच बसते. पुस्तकात शिरली की जग बुडालं तरी हिला पत्ता नसतो. मागे एकदा गाडी शेतात अडून पडली. आम्ही सगळ्या कावलो. कुणाची ड्यूटी चुकते, कुणाचं पोर पाळणाघरात. हिने मान वर केली, 'अजून आहे ना वेळ?' म्हणाली आणि परत पुस्तकात. चेहरा कसा होता सांगू? चोरून गूळ खाल्लेल्या पोरासारखा." नर्सबाईंनी आपला झगा पिशवीत घातला. "मी इतकी माणसं रोज बघते. त्यात बिचारी कोण ते मला कळतं."

 वहिनी उठून स्वयंपाकघरात आली. मी चहाचं आधण ठेवत होते.

"खरं सांग," तिने दार लोटून विचारलं. "तुला जायचंय?"

"बाबांना तुमच्याकडे बरं पडेल, वहिनी. नातवंडं आहेत, दवाखाना खालीच."

"मी बाबांचं विचारलं नाही."

"बिस्किटं काढू की चष्मेवाले गोड खात नाहीत?"

"दवाखान्यातल्या खुर्चीत बसलेली माणसं असंच करतात," वहिनी म्हणाली. "कुठला दात दुखतो विचारलं की हवापाणी सांगतात." तिने माझ्या हातातून डबा घेतला. "तू ओरडेपर्यंत मी थांबते बाई. पण थांबते, एवढं लक्षात ठेव."

*

मागे लिंबाच्या झाडाखाली दादा आणि छोटी भांडत होते. तशी ती जन्मापासून तिथेच भांडत आली आहेत. दादा इमारतींमध्ये लिफ्ट बसवतो. छोटी नाटकांना प्रकाशयोजना करते, आणि त्यामुळे दिवसाच्या उजेडात जरा हरवल्यासारखी दिसते.

"ठरलंय म्हणजे कुणाचं ठरलंय?" ती म्हणत होती. "तू ठरवलंस आणि आम्हाला कळवलंस."

"मग तू ने बाबांना. नेतेस? तू घरी असतेस कधी?"

"मी बाबांना मागतच नाहीये, दादा. मी ताईला मागतेय. घरमालकाला जेवायला घालून तो ब्लॉक अडवून ठेवलाय मी. एवढे सायास मी कुणासाठी केले नसते."

"मग भांडतेस कशाला? सगळं तुझ्या मनासारखंच होतंय की."

 छोटी एक लिंबू तोडून नखाने कोरत राहिली.

"तू बाबांना नवव्या मजल्यावर ठेवणार," ती शेवटी म्हणाली. "आणि ते लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाहीत."

दादाला हे बोचलं. त्याने शहरभर लिफ्ट बसवल्या आहेत आणि त्याच्या स्वतःच्या बापाने एकदाही त्याच्या लिफ्टमधून प्रवास केलेला नाही. बाबा नकाशे काढणारे. आयुष्यभर त्यांनी इमारतींचे आराखडे काढले, आणि लिफ्टच्या जागी ते एक रिकामा चौकोन काढून त्यात फुली मारायचे. दोरीला टांगलेल्या फुलीत मी उभा राहणार नाही, असं ते म्हणतात. मागल्या खेपेला दादाकडे गेले तेव्हा प्रत्येक मजल्यावर पायरीवर बसत, शेजाऱ्यांशी ओळखी करून घेत, वर पोहोचले होते. चहा निवला होता.

"ते म्हणाले, शिकतो," दादा म्हणाला. "मी विचारलं त्यांना. स्वतःहून म्हणाले, 'बयोसाठी एवढं तर करायलाच हवं.' मी काय म्हणणार? माझी कामाची खोली मी त्यांना देतोय. मला काय ती नकोय? पण तिने आपलं आयुष्य दिलं इथे, छोटे. आपण दोघं उडून गेलो."

"हो," छोटी म्हणाली. "उडून गेलो." आणि दोघांची क्षणात एकी झाली. माझ्याबद्दल वाईट वाटण्यावर त्यांची नेहमीच एकी होते.

*

बाबा खोलीत बॅग भरत होते. कपाटातले सगळे स्वेटर त्यांनी पलंगावर काढले होते. आमच्याकडे थंडी अशी पडतच नाही, तरी आई दरवर्षी त्यांना एक घ्यायला लावायची आणि ते दरवर्षी एकदाच घालून घामाघूम व्हायचे.

"नवव्या मजल्यावर वारा असेल," ते मला बघून म्हणाले.

"बाबा, तुम्हाला जायचंय ना नक्की?"

"म्हणजे काय! मुलाकडे जायला कुणाला नको असतं?"

"आणि लिफ्ट?"

"लिफ्ट काय खातेय मला? इतके लोक चढतात-उतरतात." त्यांनी स्वेटरची बाही आत दुमडली, पुन्हा उलगडली, पुन्हा दुमडली. "तू जा गं बाहेर. तू असलीस की माझं लक्ष लागत नाही."

मी बाहेर आले. मनाशी म्हटलं, चला, त्यांना जायचंय. आता मी आडवी येणं बरं नाही.

त्या वेळी त्यांच्या मनात काय होतं ते त्यांनी मला पुढे सांगितलं. आईशी त्यांचं बोलणं झालं होतं. आपल्यातलं जे मागे राहील त्याने पोरीच्या गळ्यात पडून राहायचं नाही, तिला मोकळं करायचं. आईनेच वदवून घेतलं होतं, आणि आईने वदवून घेतलेलं मोडायची त्यांची हिंमत तिच्या हयातीतही नव्हती. त्यांना या घरातून कुठेही जायचं नव्हतं. कुठली फरशी हलते, कुठल्या नळाला दोन वेढे जास्त द्यावे लागतात, हे त्यांच्या हातापायांना पाठ होतं. खिडकीकडून मशीनचा आवाज येत नाही याची त्यांना सवय व्हायची होती, आणि ती सवय त्यांना इथेच करून घ्यायची होती. पण पोरीचा प्रश्न होता. म्हणून ते स्वेटर भरत होते.

*

चष्मेवाले आले. माणूस गोड आणि बोलघेवडा. वस्तीतल्या निम्म्या नाकांवर त्यांनी चष्मे चढवले आहेत, त्यामुळे कुणाशीही बोलताना ते आधी नाकाकडे बघतात. आम्ही सगळे मोठ्या टेबलाभोवती बसलो. वहिनीने चहा ओतला.

"घाई नाही माझी," ते म्हणाले. "पण मुलगी सकाळपासून फोन उशाशी घेऊन बसलीय. आज हो म्हणा किंवा नाही म्हणा, म्हणजे तिला जेवण जाईल."

दादाने बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे. मी बशीकडे.

"हो म्हणायचंय," बाबा म्हणाले. "आमचं काय, पिकली पानं. या मुलीने इतकी वर्षं आमच्यापायी..."

"खरंय, खरंय. अशी मुलगी दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही." चष्मेवाल्यांनी माझ्या नाकाकडे मायेने पाहिलं. "मग तुम्ही नवव्या मजल्यावर? पण तुम्ही तर लिफ्टला भिता ना हो? त्या बँकेच्या इमारतीत जिना बंद होता तेव्हा तुम्ही काम न करताच परत आलात."

"शिकतोय," बाबा म्हणाले. "दादाने सांगितलंय. सुरुवातीला डोळे मिटून घ्यायचे. मग आतल्या आत मोजायचं. मी घरी बसून करून पाहिलं. जमतं."

त्यांनी ते अगदी सहज सांगितलं, आणि कप उचलला. कप बशीवर वाजला म्हणून त्यांनी दुसरा हात लावला. मी त्यांचा तो दुसरा हात पाहिला. आमचे बाबा या घरात, आईच्या खिडकीशेजारी, खुर्चीत डोळे मिटून लिफ्टमध्ये उभं राहण्याचा सराव करत होते. माझ्यासाठी.

"नाही," मी म्हणाले.

"काय नाही?" दादाने विचारलं.

"घर द्यायचं नाही."

छोटीने माझा हात धरला. "ताई, तू बाबांची काळजी करू नकोस. प्लीज. एकदा तरी स्वतःपुरतं बघ."

"स्वतःपुरतंच बघतेय. मला इथून जायचं नाही." माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "बाबांना तुझ्याकडे यायचं असेल तर खुशाल येऊ दे, दादा. मी इथे एकटी राहीन. पण मला शहरात ब्लॉक नको, चालत जायचं ऑफिस नको. मला इथलंच आवडतं. नेहमीच आवडत होतं."

"सुटला दात एकदाचा," वहिनी पुटपुटली आणि तिने स्वतःलाच आणखी चहा ओतून घेतला.

"पण तो प्रवास?" दादा म्हणाला. आयुष्यभर माणसांना वर-खाली नेण्यात वेळ कसा वाचवायचा याचाच त्याने विचार केला आहे. "अगं, रोज एवढा प्रवास!"

"प्रवासासाठीच तर. घरी कुणीतरी हाक मारतं, प्रयोगशाळेत कुणीतरी हाक मारतं. गाडीत मला कुणी हाक मारत नाही. जगात जे काही वाचण्यासारखं आहे, त्यातलं बरंचसं मी गाडीच्या खिडकीशी बसून वाचलं. मला ते दुसरीकडे कुठे मिळालं असतं? आणि संध्याकाळी उतरलं की सगळे एकदमच गल्लीत वळतात, हळूहळू आपापल्या फाटकाशी गळत जातात, आणि मग..." पुढे मशीनचा आवाज येणार होता, म्हणून मी थांबले.

 बाबांनी कप खाली ठेवला.

"तुला इथे आवडतं," ते म्हणाले. विचारत नव्हते. एखादा आराखडा उलटा धरलाय हे लक्षात आल्यावर ते जसा तो फिरवून बघायचे, तसं ते वाक्य त्यांनी फिरवून बघितलं. "म्हणजे तुझ्यापायी मी नवव्या मजल्यावर चाललो होतो, आणि माझ्यापायी तू शहरात."

"हो."

"आणि हा गृहस्थ," त्यांनी दादाकडे बोट केलं, "आपल्या दोघांपायी खोली रिकामी करत होता."

"टेबल विकून टाकलं मी," दादा म्हणाला.

"मी त्या घरमालकाला दोनदा जेवायला घातलं!" छोटी ओरडली. "दोनदा! आणि तो मचमच करतो!"

वहिनीला हसू आवरेना. मग दादाला. बाबा हसताना नेहमी खोकतात, तसे खोकू लागले. "सगळे स्वेटर भरले मी," ते खोकत म्हणाले. "या उकाड्यात."

चष्मेवाल्यांनी शांतपणे बिस्कीट संपवलं. "मुलीला नाही म्हणून कळवतो," ते उठत म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नका. खरं सांगायचं तर तिने वेगळं घर न घेता आमच्याकडेच राहावं, असंच मला वाटत होतं. पण तिला हवंय म्हणून मी आपला हिंडत होतो." ते फाटकापर्यंत गेले तरी आतलं हसणं थांबलं नव्हतं. शेजारच्या घरातल्या बाईंनी पडदा सरकवून पाहिलं. दुःखाच्या घरात हे काय चाललंय, असं त्यांना वाटलं असेल.

हसणं ओसरलं तेव्हा छोटीचे डोळे वाहत होते, आणि ते आता नुसत्या हसण्याने नव्हतं.

"आईला कधी का नाही सांगितलंस, ताई?" तिने विचारलं. "ती किती चुटपुटायची तुझ्यावरून. प्रत्येक फोनला. शेवटच्या फोनलासुद्धा."

याचं उत्तर माझ्याकडे होतं. ते मी गाडीत कितीतरी वेळा पूर्ण वाक्यांत मांडून ठेवलं होतं. की हळहळणं हीच आईची माझे लाड करायची रीत होती. दादाला ती लाडाने रागवायची, छोटीला लाडाने टोमणे मारायची, आणि माझ्यासाठी हळहळायची. ती हळहळ मी तिच्याकडून काढून घेतली असती तर माझ्या वाट्याला काय आलं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून रोज सकाळी मी गाडीचं निमित्त करून निघायचे.

हे सगळं छोटीला सांगायला मी तोंड उघडलं. टेबलाभोवतीची सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. दादा, वहिनी, छोटी, बाबा. मी त्यांच्याकडेच बघत बोलले.

"मी अडकले नव्हते गं, आई," मी म्हणाले. "मी सुखात होते."